सीलबंद मिक्सरचा प्रसाद

एका गावात एक भोळा टाळकरी राहत असे. नाव लिंबाजी. टाळ हाती असेपर्यंत त्यांचा ठेका कधी चुकला नाही. चुकत असे ते टाळ खाली ठेवल्यावर. सांगितलेले अक्षरशः पाळावे, हा त्यांचा नेम होता. वडीलधाऱ्यांचे वचन प्रमाण मानावे, असे त्यांनी कीर्तनात ऐकले होते, आणि ऐकलेले ते सोडत नसत. वचन कोणत्या प्रसंगाचे आहे, एवढे मात्र मागे राहून जाई.

चैत्रात गावी नामसप्ताह बसला. कथा सांगायला माणिकबुवा आले. वय ऐंशीच्या घरात, वाणी अमृतासारखी, आणि मुखात एकही दात नाही. बुवांच्या पानात जे पडायचे ते आधी लोण्यासारखे मऊ वाटून घ्यावे लागे. रोज दुपारी एका घराने त्यांना जेवू घालावे, ही गावाची रीत. सप्ताहाचे दिवस सात, गावात घरे साठाच्या वर. लिंबाजींच्या पत्नी कौतिकाबाई यांची पाळी नऊ वर्षांनी आली होती. शनिवारची.

कौतिकाबाईंचा उजवा खांदा धरलेला. पाट्यावर वाटण करणे त्यांना जमत नसे. सगळी भिस्त नव्या मिक्सरवर. मंगळवारी त्यांनी सराव म्हणून शिजलेली हरभऱ्याची डाळ त्यात काठोकाठ भरली. मिक्सर घुरघुरला, त्याला गरम वास आला, आणि त्याची समाधी लागली. काही केल्या उतरेना.

"अहो, शनिवारी बुवा जेवायला येणार," कौतिकाबाई म्हणाल्या. "हा बाजारात इस्माईलभाईंच्या दुकानी नेऊन द्या. म्हणावं, लवकर दुरुस्त करा."

लिंबाजींनी मान डोलावली. मिक्सर घेऊन ते चार मैल चालत गेले. दुकानाला कुलूप होते. लिंबाजींनी मिक्सर पायरीवर ठेवला, कुलपाला नमस्कार केला आणि "लवकर दुरुस्त करा" असे त्याला सांगून ते परत आले.

कौतिकाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, वस्तू अशी टाकून येतात का? सप्ताहात वीणा कशी सांभाळता? घेणारा समोर उभा राहीपर्यंत गळ्यातून काढता का कधी?"

"कधीच नाही."

"मग तसंच करायचं!"

लिंबाजींनी मान डोलावली. धडा पक्का बसला.

बुधवारी ते पुन्हा गेले. पायरीवरचा मिक्सर शेजारच्या शिंप्याने उचलून ठेवला होता. लिंबाजींनी तो उपरण्याने बांधून गळ्यात घेतला आणि दुकानासमोर उभे राहिले. इस्माईलभाई आले, दुकान उघडले, म्हणाले, "या माऊली. ठेवा इथं टेबलावर."

"ठेवता येत नाही. तुम्ही गळ्यात घ्या. आधी मी तुमच्या पाया पडतो, मग तुम्ही माझ्या."

"अहो, मला तो उलटा करून तळ बघायचाय."

"वीणा उलटी करतात का कुठं?"

इस्माईलभाईंनी बराच वेळ समजावले. शेवटी त्यांनी मान वाकडी करून, लिंबाजींच्या पोटाशी डोके नेऊन, कडेने जेवढे दिसले तेवढे पाहिले. "माऊली, याला कंपनीचं सील आहे. अजून हमी चालू आहे. सील तुटलं की हमी गेली. असं करा, शनिवारी सकाळी मी तुमच्या गावात चक्कीच्या कामाला येतोय, तेव्हा घरीच बघतो. तोवर सीलला कुणाचा हात लागू देऊ नका. अगदी बायकोचासुद्धा."

लिंबाजींनी मान डोलावली. धडा पक्का बसला.

गुरुवारी घरी गॅसचा नवा सिलिंडर आला. कौतिकाबाई तो जोडायला गेल्या, तर लिंबाजी त्याला मिठी मारून बसलेले.

"सरका की. भाजी टाकायचीय."

"सील आहे. कुणाचा हात लागायचा नाही. बायकोचासुद्धा नाही."

"कोण म्हणतं?"

"जाणकार म्हणतात."

दुपार टळली. कौतिकाबाईंनी शिळ्या भाकरीवर दही घातले आणि संतापून म्हणाल्या, "अहो, सील असतंच तोडायला! आधी ते काढायचं, मग वास घेऊन बघायचं काही गळतं का, मग पुढचं. एवढं साधं तुम्हाला कळू नये?"

लिंबाजींनी मान डोलावली. सिलिंडर सोडला. धडा पक्का बसला.

शेजारी बायजाकाकू राहत. त्यांच्या देवघरात काशीहून आणलेला गंगाजलाचा गडू होता. तांब्याचा, तोंड डाख देऊन कायमचे बंद केलेला. अंतकाळी दोन थेंब मुखात पडावेत म्हणून काकूंनी तीस वर्षे तो जपला होता. रोज त्याला गंध-फूल वाहत. शुक्रवारी सकाळी त्या लिंबाजींना म्हणाल्या, "मी देवळात जाऊन येते. घराकडं लक्ष ठेव रे." लिंबाजींनी लक्ष ठेवले. लक्ष ठेवता ठेवता ते गडूवर गेले. त्याला सील होते. त्यांनी विळ्याच्या टोकाने डाख उचकटला, आत नाक घातले आणि गळत नाही अशी खात्री करून घेतली.

काकू परत आल्या. लिंबाजी समाधानाने म्हणाले, "काकू, काळजी करू नका. आत साधं पाणीच आहे."

काकूंचा आवाज देवळापर्यंत गेला. "अरे मेल्या, तीस वर्षं मी मरणासाठी राखलेलं, ते तू नाकानं उघडलंस? बंद वस्तू अशी उघडतात? चार माणसं बोलवावीत, पूजा करावी, थोरांच्या हस्ते उघडावी. आणि आत जे निघेल ते सगळ्यांच्या हातावर प्रसाद म्हणून ठेवावं. पहिला मान थोरांचा. एकट्यानं काही ठेवून घ्यायचं नाही. समजलं?"

लिंबाजींना सगळे समजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आपण एका बंद वस्तूचा अपमान केला. घरात दुसरी एक अजून बंद आहे. तिच्या बाबतीत तरी चूक होऊ द्यायची नाही.

कौतिकाबाई काकूंची समजूत घालायला त्यांच्या घरी जाऊन बसल्या होत्या. तेवढ्यात लिंबाजींनी गावभर बोलावणे केले. "आमच्याकडं बंद वस्तू उघडायची आहे. प्रसादाला या." कोणती वस्तू, हे एकानेही विचारले नाही. प्रसाद म्हटल्यावर अधिक चौकशी करण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

तिसऱ्या प्रहरी अंगण भरले. पाटावर मिक्सर, त्याला झेंडूचा हार, बुक्क्याचे बोट. माणिकबुवांच्या हस्ते सील उचकटले. टाळांचा गजर झाला. लिंबाजींनी पकड आणि पेचकस घेऊन जे जे निघाले ते ते काढले आणि ताटात मांडले. पहिला मान बुवांचा. ताटात लाल रंगाचे, बोराएवढे, दिसायला सर्वांत गोजिरे असे एक बटण होते. ते त्यांनी बुवांच्या तळहातावर ठेवले. बुवांची दृष्टी अधू, भाव मात्र शुद्ध. त्यांनी डोळे मिटून ते कपाळाला लावले आणि मुखात टाकले. चावण्याचा प्रश्नच नव्हता. ते थेट खाली गेले.

मग रांग लागली. कोणाला स्क्रू, कोणाला चकती. तांब्याच्या तारेचे तुकडे करून सुवासिनींना दिले. त्यांनी ते मनगटाला बांधले. सरपंचांना पंखा मिळाला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, आजूबाजूला पाहिले आणि सगळे कपाळाला लावताहेत म्हणून आपणही लावला.

गजर ऐकून कौतिकाबाई धावत आल्या, मागोमाग बायजाकाकूही. कौतिकाबाई रांगेत शेवटी लागल्या. त्यांच्याही हातावर एक वॉशर पडला.

"हे काय?"

"प्रसाद," लिंबाजी म्हणाले. "एकट्यानं काही ठेवून घेतलं नाही."

कौतिकाबाई तिथेच पायरीवर बसल्या. नऊ वर्षांची पाळी, आणि हातात वॉशर. त्यांना रडताना पाहून बायजाकाकूंचा राग उतरला. "ऊठ गं," त्या म्हणाल्या. "माझा पाटा आहे, माझे हातही आहेत. उद्याचं पुरण मी वाटून देते. बुवा तुझ्या घरून उपाशी जायचे नाहीत."

शनिवारी सकाळी इस्माईलभाई आले. त्यांच्यापुढे मिक्सरचे रिकामे टरफल ठेवण्यात आले. त्यांनी ते उलटे केले, तळाच्या गोल भोकाकडे पाहिले आणि डोके धरले.

"वहिनी, डाळ जास्त भरली होती का?"

"भरली होती."

"मग तो बिघडलाच नव्हता. जोर पडला की हा आपला आपण बंद होतो. इथं खाली लाल बटण असतं. बोटानं जोरात दाबलं की पुन्हा सुरू. उघडायचं काही कारणच नव्हतं."

"बटण दाबलं की सुरू?" लिंबाजींनी विचारले.

"लगेच. बटण आहे कुठं पण?"

"बुवांकडं," लिंबाजी म्हणाले. "आत."

इस्माईलभाई हत्यारे गोळा करून चक्कीकडे निघून गेले. लिंबाजी मात्र विचारात पडले. आपल्यामुळे पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले, हे त्यांना लागले होते. भरपाई करायचीच.

दुपारी बुवा आले. काकूंचे पुरण लोण्यासारखे झाले होते. दुधात कालवलेली पोळी, वर तुपाची धार, समईचा उजेड, भोवती रांगोळी. जेवताना मध्येच पानावरून उठले की त्या पानावर पुन्हा बसायचे नाही, हा बुवांचा आयुष्यभराचा नियम. म्हणून पाणी-तांब्या सगळे हाताशी ठेवले होते. बुवांनी चित्राहुती घातली, पहिला घास घेतला, तो गोड लागला, आणि "वा, माय!" म्हणून त्यांनी तृप्तीने डोळे मिटले. कौतिकाबाईंचा ऊर भरून आला. नऊ वर्षांचे सार्थक झाले.

बुवा डोळे मिटून निश्चल बसले होते. आवाज नाही, हालचाल नाही.

लिंबाजींनी ते पाहिले. ते पुढे झाले, बुवांसमोर बसले, दोन बोटे जुळवली आणि बेंबीच्या किंचित वर, अंदाजाने, जोरात दाबली.

बुवा ताडकन उठले. पान उलटले, समई कलंडली, आणि त्या दंतहीन मुखातून असा काही घरघराट बाहेर पडला की गोठ्यातली म्हैस दावे तोडून पळाली. बुवांचे सर्वांग थरथरत होते आणि आवाज वाढतच चालला होता.

लिंबाजींचा चेहरा आनंदाने उजळला. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली,

"कौतिका, सुरू झालं! डाळ आण लवकर. या खेपेला थोडीच घाल!"