पवनचक्कीचं बक्षीस

थोरल्या जाऊबाईंच्या कौस्तुभला शाळेच्या प्रदर्शनात पुठ्ठ्याच्या पवनचक्कीसाठी पहिलं बक्षीस मिळालं आणि शलाकाच्या पोटात दुखायला लागलं. ती आपल्या ईराला घरीच शिकवायची; घरी कोण ढाली वाटतं? जाऊबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पवनचक्की दाखवत होत्या आणि शलाका आतल्या आत जळत होती. पण मत्सराचे डोळे फार बारीक. चक्कीची पाती अगदी जाऊबाईंच्या शंकरपाळ्यांसारखी एकसारखी कापलेली होती!

त्यात कौस्तुभच्या शाळेचे मुख्याध्यापक बिडकरसर चहाला आले. ते म्हणतील ती पूर्व दिशा, असं सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

सर म्हणाले, "ही पवनचक्की बघा! याला शिक्षण म्हणतात. घरी बसून मुलं काय शिकणार? सांगा, ईराचं नाव लिहून घेऊ ना?"

शलाकाने हातातली कपबशी खाली ठेवली. ती म्हणाली, "थांबा सर. कौस्तुभ, बाळा, पाती काढून पुन्हा जोडून दाखव ना ईराला."

कौस्तुभने पाती उपटली, उलटीसुलटी करून पाहिली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "आई, तू ही कशी चिकटवली होतीस गं?"

"नाव लिहाच, सर," शलाका म्हणाली. "पण ईराचं कशाला? तुमच्या शाळेत शिकावं लागतं ते आईला. माझंच लिहा."

सासरे खो खो हसले. सरांनी उघडलेलं पेन बंद करून खिशाला लावलं.