पाहिलेलं परत कसं द्यायचं?

रानाला अजून कुंपण नव्हतं, तेव्हाची गोष्ट. मोराचा नाच पाहायला भित्र्या खारीने आपल्या ढोलीतला शेवटचा शेंगदाणा दिला. आणि मोर आला तो पिसं झडलेला! दोन गिरक्या घेऊन धापा टाकत खाली बसला.

"हा कसला नाच? माझा शेंगदाणा परत द्या," खार कशीबशी म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

"खाल्लेलं जांभूळ झाडाला परत चिकटवतेस का गं?" कावळा खिदळला.

मोर मात्र ओशाळला. "तिचं खरंय. घे बाई तुझा शेंगदाणा. फक्त पाहिलेलं इथेच ठेवून जा."

त्यात काय! पुरलेल्या बिया तर ती रोजच विसरायची. तिने डोळे मिटले.

तर मोरामागचं मावळतीचं लालभडक आभाळ समोर उभं राहिलं. त्या उजेडात वाघ आणि हरणं शेजारी शेजारी, श्वास रोखून बसलेली. पिसारा असता तर हे सगळं झाकलंच गेलं असतं. तिच्या अंगावर काटा आला.

तिने शेंगदाणा हळूच मोराकडे सरकवला.

"मोरदादा, हे काही विसरता येत नाही हो."

आणि उपाशीपोटीच ती ढोलीकडे निघाली, मागे वळून वळून आभाळ बघत.