उंबराला फुलं आली तरी

ओढ्याकाठच्या एका गावात रायाजी नावाचा शेतकरी राहायचा. त्याच्या दारात एक तेज घोडी होती. पंचक्रोशीत तेवढी एकच! साहजिकच अडल्यानडल्याला लोक ती मागायला येत, आणि रायाजी नाही म्हणे. पण साधं ‘नाही’ म्हणेल तर तो रायाजी कसला!

“उंबराला फुलं आली आणि त्यांचा गजरा घालून तू आलास, तरी घोडी मिळायची नाही!”

“सशाला शिंगं फुटली आणि पोळ्याला मी ती रंगवली, तरी नाही!”

त्याच्या ओट्यावरची रिकामटेकडी मंडळी खो खो हसत. काहीजण तर, काय सांगावं, नुसता नवा नकार ऐकायला म्हणून घोडी मागत. रायाजीला त्याचाच मोठा अभिमान.

एके सकाळी एक अनोळखी गाडीवान धापा टाकत आला. घोडी दिसली तशी तो थेट ओट्यापाशी थांबला.

“मालक, घोडी द्या हो! ओढ्यापाशी गाडीचं चाक मोडलंय. एक बाई अडलीय. सुईणीला आणायचंय. ती बाई तुमच्याच—”

रायाजीने पुढचं ऐकलंच नाही. त्याने मंडळींकडे बघत मिशीला पीळ दिला.

“अरे, सूर्य पश्चिमेला उगवला, त्याला बघून कोंबडा लाजला, आणि ओढ्याकाठी अख्खा गाव आडवा झाला, तरी घोडी सुटायची नाही!”

मंडळी हसली. अशा वेळी माणूस असं बोलतो? मग गाडीवान पायीच सुईणीच्या गावाकडे धावत सुटला.

दुपारी शेजारीण ओरडतच आली. “अहो रायाजी, ओढ्यापाशी तुमची सगुणा आहे! पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती!”

रायाजीच्या पायांखालची जमीनच सरकली. घोडी भरधाव सोडून तो पोचला. सुईणीला यायला फार उशीर झाला होता. सगुणा वाचली होती. बाळ वाचलं नव्हतं.

“पोरी, ती तू आहेस हे मला ठाऊक नव्हतं गं!” रायाजी हंबरडा फोडून म्हणाला.

“गाडीवानाने तुमचं बोलणं सांगितलं. ऐकताच ओळखलं मी, हे माझे आबा,” सगुणा म्हणाली. “दुसऱ्या कुणाची लेक असती, तर चाललं असतं का?”

“घरी चल,” रायाजी म्हणाला.

“नाही,” सगुणा म्हणाली, आणि चाक दुरुस्त होताच तिने गाडी सासरी वळवायला सांगितली.

तात्पर्य: दारी आलेल्याची अडचण पुरती ऐकून घ्यावी, चारचौघांना हसवण्यासाठी कुणाला नकार देऊ नये.