ओतारीण आणि मेणाचे गोळे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येणार नाही. नदीकाठच्या एका गावात एक ओतारीण राहत होती. ती आणि तिचा नवरा काशाच्या घंटा ओतत.

घंटा कशी ओततात, ठाऊक आहे ना? आधी मेणाची घंटा करायची, अगदी हवी तशी. तिच्यावर मातीचे लेप द्यायचे. माती वाळली की ती तापवायची, म्हणजे मेण वितळून निघून जातं आणि आत जागा मोकळी होते. त्या जागेत कासं ओतायचं. सगळी कला त्या मेणात. ओतारणीचा हात मेणावर असा बसला होता, की नुसतं चाचपून ती कुठल्याही वस्तूचा आकार काढी. एकदा डोळे मिटून तिनं नवऱ्याचं नाक केलं, तेव्हा तो म्हणाला, "एवढं मोठं नाहीये हं माझं!"

बाई मोठी कामाची, पण घाबरट. भट्टीच्या धगीला न भिणारी, आणि पाल चुकचुकली की दचकणारी.

एका वर्षी तिच्या अंगावरून फार जाऊ लागलं. पाळी आठ-आठ दिवस थांबेना. पायांत बळ राहीना. एक दिवस भाता ओढताना तिचा हात ओटीपोटावर गेला आणि आत काहीतरी टणक लागलं. भाता सोडून ती तिथंच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला "मेण आणायला जाते" असं सांगून ती पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्या वैदिणीकडे गेली.

वैदिणीनं तिला आडवं केलं, पोट दाबून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "पिशवीत गाठ आहे, पोरी. लिंबाएवढी."

"जिवावरची आहे का, आजी?"

"अशा गाठी मी पुष्कळ पाहिल्यात. बहुतेक नुसत्या बसून राहतात. त्रास देतात, जीव घेत नाहीत. क्वचित एखादी घातकी निघते."

"मग माझी कुठली?"

"ते बाहेरून माझ्या बोटांना कळत नाही. रक्त भरायला हा काढा रोज घे, पालेभाजी, नाचणी, गूळ खा, आणि दर अमावास्येला ये. गाठ आहे तेवढीच राहिली तर तिला सांभाळून घेऊ. वाढायला लागली तर राजधानीतल्या शल्यवैद्यांकडे जायचं. ते काढतील, कापून बघतील, तेव्हाच काय ते खरं कळेल."

"म्हणजे तोवर मी काय समजू? चांगली समजू की वाईट?"

"माहीत नाही, असं समज," वैदीण म्हणाली.

हे उत्तर घेऊन ओतारीण घरी आली. वाईट बातमी असती तर तिनं रडून घेतलं असतं. चांगली असती तर देवाला नारळ फोडला असता. पण 'माहीत नाही'चं काय करायचं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग तिनं तेच केलं, जे तिच्या हातांना येत होतं. पोट चाचपलं आणि गाठीएवढा मेणाचा गोळा वळून फळीवर ठेवला. उद्या पुन्हा वळू, म्हणजे वाढली का ते कळेल, असा तिचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन गोळे वळले, एक सकाळी, एक संध्याकाळी. चार दिवसांनी ती दिवसातून पाच वेळा वळू लागली. चुलीवर भात करपे, आणि ही पोट दाबत उभी. लिंबाएवढा गोळा पेरूएवढा झाला, पेरूएवढा कवठाएवढा. दाबून दाबून पोट हुळहुळं झालं. जितकं दुखे, तितकी ती जास्त दाबे.

शेजारीण डोकावली. "काय गं, लाडू वळतेस की काय? कुणाचं बारसं?"

ओतारणीला राहवलं नाही. तिनं सांगून टाकलं. शेजारणीनं गालावर हात ठेवला. "अगं बाई! माझ्या मावससासूला अश्शीच गाठ झाली होती. तीन महिन्यांत गेली बिचारी. पण तू मनाला लावून घेऊ नकोस हं."

त्या दिवशीचा गोळा नारळाएवढा झाला.

आणि घंटेचं काय? नदीच्या उतारावर टांगायची घंटा त्यांनी कबूल केली होती. पाणी चढलं की नावाड्यानं ती वाजवायची, म्हणजे लोक नदीत उतरणार नाहीत. पण घंटेसाठी साठवलेलं मेण सगळं फळीवर जाऊन बसलं होतं. नवरा विचारी, "मेणाचं काय करतेस?" ती म्हणे, "नमुने."

अमावास्या उजाडली तशी ती टोपलीभर गोळे घेऊन वैदिणीकडे धावली. "आजी, बघा! महिन्यात लिंबाचा नारळ झाला!"

वैदिणीनं टोपलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिला आडवं केलं आणि पोट तपासलं. मग टोपलीतलं थोडं मेण घेऊन स्वतःच्या हातानं एक गोळा वळला.

तो लिंबाएवढा होता.

"पण मग हे?" ओतारीण उठून बसली.

वैदीण एकेक गोळा उचलू लागली. "हा कधीचा?"

"संध्याकाळचा. जेवणानंतरचा."

"म्हणजे यात भाकरीपण आहे. आणि हा नारळ? त्या दिवशी कुणी आलं होतं का?"

"शेजारीण. तिची मावससासू तीन महिन्यांत गेली म्हणाली."

"मग ही तुझी गाठ नाही," वैदीण म्हणाली. "ही तिची मावससासू आहे."

ओतारणीला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम.

"म्हणजे माझी गाठ चांगली आहे?"

"तसं मी म्हटलेलं नाही. महिन्यात ती वाढली नाही, एवढं म्हटलं. त्याच्यापुढचं मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचं सोंग मी करणार नाही. पण पोरी, जे तुझ्या हातात आहे ते तू कुठं केलंस? रक्त जातंय तुझं. मी दिलेला काढा घेतलास?"

"विसरले."

"पालेभाजी, नाचणी, गूळ?"

"भूकच नसते."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"मेण आणायला जाते म्हणून सांगते."

"आजपासून गाठ मोजायचं काम माझं. महिन्यातून एकदा. मधले दिवस तू पोटाला हात लावायचा नाहीस. अंगावरून किती दिवस गेलं ते लक्षात ठेवायचं, काढा घ्यायचा, पोटभर जेवायचं. फार जास्त गेलं किंवा असह्य दुखलं, तर अमावास्येची वाट न बघता यायचं. बाकीचा दिवस तुझा. तो गाठीला देऊ नकोस."

"आणि भीती वाटली तर?"

"वाटेलच. भीती वाटते म्हणून कुणाची भट्टी विझल्याचं मी अजून ऐकलं नाही."

ओतारीण घरी आली. तिनं आधी नवऱ्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं, माझ्यावरच रागावलीस. महिनाभर मी माझी चूक शोधतोय. चार सापडल्यासुद्धा."

"त्या नंतर सांगा," ती म्हणाली. "आधी कढई चढवा."

दोघांनी मिळून सगळे गोळे कढईत टाकले. लिंबू, पेरू, कवठ, नारळ, सगळं एकच मेण झालं. त्या मेणाची तिनं घंटा केली. करताना मधूनच भीती येई. मग ती थांबे, पाणी पिई आणि पुन्हा काम धरी. हात पोटाकडे जाई, तेव्हा त्या हातात ती काहीतरी देई, कोरणी नाहीतर झाडू. शेजारीण आली की ती म्हणे, "या, बसा. मावससासू सोडून काहीही बोला."

दुसऱ्या अमावास्येला गाठ तेवढीच होती, आणि घंटा ओतून नदीच्या उतारावर टांगलीही होती. तिसऱ्या अमावास्येला वैदिणीनं गोळा वळला, तो स्वतःच्याच पहिल्या, जपून ठेवलेल्या गोळ्याशेजारी ठेवला आणि दोघींनी पाहिलं. या वेळी तो खरोखरच मोठा होता.

"वाढलीय," वैदीण म्हणाली. "आता थांबायचं नाही."

ओतारणीनं घरची वाट धरली. पण तिनं घरी येऊन नव्यानं गोळे वळले नाहीत. शिदोरी बांधली.

"घाबरलीस?" नवऱ्यानं विचारलं.

"फार," ती म्हणाली. "भीतीला यायचंच असेल तर बसू दे मागं. गाडी मात्र मी हाकणार."

राजधानी चार दिवसांच्या वाटेवर होती. शल्यवैद्यांनी तिला गुंगीचं औषध देऊन गाठ काढली. पण तिथला एक नियम होता. काढलेली गाठ तीन जाणते वैद्य वेगवेगळे बसून तपासत, आणि तिघांचं एकमत झाल्याशिवाय रोग्याला काही सांगत नसत. त्याला नऊ दिवस लागत.

पुन्हा 'माहीत नाही'! पण आता ओतारणीची त्याच्याशी ओळख झाली होती. वैद्यांनी सांगितलं होतं, चालायला सुरुवात करा. पहिल्या दिवशी ती धर्मशाळेच्या ओसरीवर दहा पावलं चालली, दुसऱ्या दिवशी वीस. संध्याकाळ झाली की भीती येई. ती म्हणे, "आलीस? बस. माझी अजून पाच पावलं राहिलीत."

दहाव्या दिवशी निरोप आला. गाठ आतून पांढरी होती, दोऱ्याच्या गुंडीसारखी घट्ट. घातकी नव्हती.

नवरा तर लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "बघ, उगाच भ्यालो आपण तीन महिने!"

"उगाच नाही," ओतारीण म्हणाली. "वाईटही निघू शकली असती. आणि तशी निघाली असती, तरी करायचं ते वेळेवर करून आपण याच दिवशी इथंच असतो. एक महिना तेवढा उगाच गेला. मी गोळे वळले तो."

पुढं वर्षभरानं नदीपलीकडची एक विणकरीण तिच्याकडे आली. तिच्याही पोटात गाठ लागली होती. ओतारणीचे दोन्ही हात धरून ती म्हणाली, "ताई, तुमची चांगली निघाली. माझीही चांगलीच निघेल ना हो? तेवढं म्हणा."

तेवढं म्हणणं फार सोपं होतं. ओतारणीच्या ओठांवर आलंही होतं.

"मला ठाऊक नाही गं," ती म्हणाली. "तू जेवलीस का? आधी जेव. मग वैदिणीकडे जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

आणि दोघी जेवून उन्हं उतरायच्या आत वाटेला लागल्या.

बोध: जे आज कळणारच नाही त्याचे अंदाज बांधत बसू नये, आणि जे आज करायला हवं ते भीतीपायी उद्यावर टाकू नये.