फळीबाहेर आलेलं पाऊल

एका राज्यात, चौकटीवाचून भिंतीवर काही टांगायचं नाही, असा राजाचा हुकूम होता. राजाचं नाव धुंडिराज. माणूस मनाचा वाईट नव्हे, पण टापटिपीचं भारी वेड. आरसे चौकटीत, तसबिरी चौकटीत. मुदपाकखान्यातला झारा टांगायचा झाला तरी सुताराला बोलावणं जायचं. राणी पद्मसेना हसून सोडून देई. तेव्हाच टोकायला हवं होतं, असं तिला पुढे फार वाटलं.

एके सकाळी दरबारात करालनाथ नावाचा जादूगार आला. लाकडात उठावाचं कोरीवकाम करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं राजाला एक फळी नजराणा म्हणून दिली. फळीवर नर्तकी कोरलेली, लाकडातून अशी वर उठलेली, की आता गिरकी घेईल; आणि तिचं एक पाऊल फळीच्या काठाबाहेर आलेलं. राजा खूश. फळी लगेच सुताराकडे गेली आणि दुपारी चौकट बसवून आली. पाहतात तर पाऊल नाही! चौकटीत मावेना म्हणून सुतारानं ते करवतीनं उडवलं होतं. काम मात्र अगदी सफाईदार होतं हो.

करालनाथ ओरडला नाही. त्यानं तो तुकडा मागवून घेतला, कमरेला खोचला आणि म्हणाला, “राजा, कशाला चौकट हवी आणि कशाला नको, हे तुला कळत नाही. आता कळेल.”

त्यानं टाळी वाजवली. नगराची नदी आटली. झाडांवरची पाखरं नाहीशी झाली. झोपाळ्यावर डुलकी काढत होती राजकन्या मेघावळी, तर झोपाळा नुसताच हलत राहिला. दरबारात तीन फळ्या उभ्या होत्या: एकीवर नदी कोरलेली, दुसरीवर पाखरं, तिसरीवर निजलेली राजकन्या.

जादूगारानं अट सांगितली. एकेका फळीला चौकट घालायची की नाही, ते ठरवायचं. पहिल्या दोन वेळा चूक झाली तर सुधारता येईल. तिसरीला चुकलात, तर लेक कायमची लाकडाची.

राजाचं तोंड एवढंसं झालं. तो राणीला म्हणाला, “महाराणी, आता आमच्या अकलेवर भरवसा नको. तुम्हीच ठरवा.”

राणीच्या डोक्यात चौकटीचा राग होता. नदीच्या फळीला चौकट नको, असं तिनं ठणकावून सांगितलं. झालं! फळीतून पाणी उसळलं, दरबार गुडघाभर भरला, प्रधानजींची पगडी तरंगत दाराबाहेर निघाली. कशाबशा चार भक्कम पट्ट्या ठोकल्या, तेव्हा पाणी आवरलं. पुढच्या क्षणी फळी कोरी झाली, आणि नगराबाहेर नदी आपल्या दोन काठांमधून शहाण्यासारखी वाहू लागली.

एकदा तोंड पोळल्यावर माणूस काय करणार? पाखरांना राणीनं निमूटपणे चौकट घालायला सांगितली. चौथी पट्टी बसली मात्र, पाखरांचे पंख लाकडात बुडू लागले. पुढच्या मैनेची चोच उघडी ती उघडीच राहिली. राणीनं धावत जाऊन स्वतःच्या हातांनी चौकट उपटली, नखं रक्ताळली. पाखरं भुर्रकन खिडकीबाहेर गेली. मैना तेवढी तिच्या खांद्यावर बसली आणि म्हणाली,

“राणीसाहेब, सगळ्यांना एकच माप लावू नका. नदीला काठ लागतात, आम्हाला लागत नाहीत.”

“आणि माझ्या लेकीला?”

“ते मी काय सांगू? लेक तुमची,” असं म्हणून मैनाही उडाली.

राहिली तिसरी फळी. दरबारी म्हणाले, निजलेलं लेकरू आहे, नाजूक आहे, चौकटीनं जपलं जाईल. मेघावळीचंही एक पाऊल फळीच्या काठाबाहेर आलं होतं. सुतार बिचारा एव्हाना शहाणा झाला होता. हात जोडून म्हणाला, या वेळी करवत लावणार नाही, चौकटच ऐसपैस करतो, पाऊल अलगद आत घेतो. राजाला हे पटलं. प्रधानजींनाही पटलं. राणीलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला सांगायचं?

मग तिनं त्या पावलाकडे नीट पाहिलं, आणि तिला भडभडून आलं.

“नको,” ती म्हणाली. “तान्ही असल्यापासून हिला मी पांघरूण घालत आले. आखूड पडतं म्हणून लांब शिवलं, तरी पाय बाहेर. दुलई केली, तरी बाहेर. चौकट कितीही मोठी केलीत तरी हिला कोंडल्यासारखं होईल. माझ्या लेकीला चौकट नको.”

बोलून तर गेली. तिनं त्या पावलावर हात ठेवला. लाकूड गार होतं. गारच राहिलं. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात अंगठा हलला.

“आई, हात किती गार आहे तुझा,” मेघावळी झोपेतच कुरकुरली, आणि अंथरुणातून उठावं तशी फळीतून उठून बसली. राणीनं तिला कवेत घेतलं. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. राजानं दुपारपासून अडलेला श्वास सोडला, तो दाराशी उभ्या पहारेकऱ्यांनाही ऐकू गेला.

करालनाथानं कमरेचा तुकडा काढून राजापुढे धरला. राजा सिंहासनावरून उतरला, त्यानं क्षमा मागितली, नर्तकीची चौकट स्वतः सोडवली आणि पाऊल जागच्या जागी लावलं. सांधा दिसेनासा झाला. फळी चौकटीवाचून सिंहासनामागे टांगली गेली, जुना हुकूम रद्द झाला, आणि जादूगार पोटभर जेवून आपल्या वाटेनं गेला.

दुसऱ्या दिवशी मेघावळी झोपाळ्यावर निजली. राणी सवयीनं शाल घेऊन आली आणि तिनं ती लेकीच्या अंगावर घातली. पाय लगेच बाहेर आला. राणीचा हात शालीच्या काठाकडे गेला, थांबला. तिनं पाय तसाच राहू दिला आणि शेजारी बसून झोपाळ्याला हलकासा झोका दिला.

नदी काठांत राहिली, पाखरं आभाळात राहिली, लेक आईपाशी राहिली. ऐकणाऱ्यांच्या घरीही सगळं असंच जागच्या जागी राहो.