पुलावरचं पोकलेन

कमानीच्या माथ्यावरच्या दगडावर कुणीतरी लाल फुली मारली होती. तो एक दगड काढला की आमच्या नदीवरचा अख्खा पूल कोसळणार. दीडशे वर्षं तिथले दगड एकमेकांना रेटून उभे आहेत, मध्ये चुन्याचं बोटसुद्धा नाही.

दुपारी नव्या पुलाचे ठेकेदार दादासाहेब खळदकर अहवाल घेऊन आले. त्यात लिहिलं होतं, ‘जुना पूल बैलगाडीसुद्धा पेलणार नाही.’ काठावर तहसीलदारबाईंनी पूल पाडायच्या आदेशावर सहीसाठी पेन उघडलं.

“पूल पाडला तर नवा होईपर्यंत पलीकडच्या वाडीला वीस किलोमीटरचा वळसा पडेल,” मी चाचरत म्हणाले.

“इतिहास शिकलीस ना कॉलेजात? मग दगडांचं आम्हाला नको शिकवू,” दादासाहेब हसले आणि फोटोसाठी पुलाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मागोमाग वीस टनांचं पोकलेन धडधडत येऊन त्यांच्या शेजारी थांबलं.

मला घाम फुटला, आणि त्या घामातच सुचलं. घाबरायचं मला कुणी शिकवावं लागत नाही.

“दादासाहेब, पळा! पूल बैलगाडीसुद्धा पेलत नाही!” मी जीव खाऊन ओरडले. मशीनच्या आवाजात त्यांना ऐकूच जाईना. काठावर जमलेल्या वाडीच्या बायकाही ओरडू लागल्या, “पळा हो, पडाल!” तहसीलदारबाईंचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं.

शेवटी दादासाहेबांनी मशीन बंद करायला लावलं आणि पोकलेनला टेकून ते माझ्यावर खेकसले,

“अगं ए घाबरट! अशी दहा मशीनं उभी केली तरी हलायचा नाही हा पूल!”