पातेल्याची कल्हई

भांडी माणसांपेक्षा जास्त बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. गोदाक्काच्या स्वयंपाकघरात एक पितळी पातेलं होतं. बाहेरून सोन्यासारखं पिवळं, आतून मात्र कल्हईचा पातळ पांढरा थर. तो पांढरेपणा पातेल्याला भारी खुपायचा.

"काथ्याभाऊ, आतून जरा वाळूने जोर लावा," ते रोज घासणीच्या काथ्याला सांगायचं.

"अहो पातेलेबुवा," कल्हई म्हणाली, "आंबट तुमच्या अंगाला लागू नये म्हणून मी मध्ये उभी आहे."

"कागदाएवढी तुझी जाडी, आणि मला राखणार तू?" पातेलं हसलं.

महिन्याभरात कल्हई झिजून गेली. पातेलं आतबाहेर लखलखलं. नेमके त्याच दिवशी व्याही जेवायला यायचे होते. गोदाक्काने सकाळीच पातेल्यात आंबट ताकाची कढी करून ठेवली. दुपारी झाकण काढलं तर कढी हिरवट, आणि चवीला कडू जहर! आंबटाने पितळ खाल्लं होतं, कढी कळकली होती.

"हे व्याह्यांना वाढलं असतं तर?" गोदाक्काने कढी उकिरड्यावर ओतली. "पातेलं आजच मोडीत घाला!"

मोडीत म्हणजे हातोडा, मग भट्टी. नशीब, दारात कल्हईवाला आला होता.

"मोडीत कशाला, अक्का? भांडं चांगलं आहे," म्हणत त्याने भाता चालवला आणि तापल्या पातेल्यात कथील फिरवलं.

पातेलं पुन्हा आतून पांढरं झालं. हळूच म्हणालं, "बाई, आता राहशील ना?"

"ते मला काय विचारता?" कल्हई म्हणाली. "उद्या काथ्याभाऊंना काय सांगता, ते बघू."